नेचा वाळल्यावर दिसणाऱ्या खाणी: कॉर्नवॉलमधील एका हिवाळी फेरीचे परीक्षण

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, पेन्झान्सपासून सुमारे अकरा किलोमीटरवर सेंट जस्ट नावाचे गाव आहे. तेथून निघून किनाऱ्याच्या वाटेने बोटॅलॅक, लेव्हंट आणि गीव्होर या कथील (टिन) आणि तांब्याच्या तीन बंद पडलेल्या खाणींपर्यंत नेणारी मार्गदर्शकासह पायी फेरी मी आणि माझी थोरली बहीण यांनी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात केली. शुल्क माणशी अठरा पाउंड, अंतर सहा-सात किलोमीटर, जाहीर केलेली वेळ सकाळी अकरा ते दुपारी साडेतीन आणि सोबत आम्हांला धरून सोळा माणसे, असा एकंदर बेत होता. फेरी चालवणाऱ्या संस्थेचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्या तिच्यापुरत्या नाहीत. हिवाळ्यात अशा फेऱ्या काढणाऱ्या कोणालाही त्या लागू पडू शकतात.

संस्थेच्या जाहिरातीत समुद्राच्या काठावर, अगदी कड्याच्या कडेला उभी असलेली दोन दगडी इंजिन-घरे, म्हणजे खाणीचे वाफेचे इंजिन ठेवायच्या इमारती, त्यांच्या भोवती हेदरची जांभळी फुललेली झुडपे आणि निळे पाणी असे छायाचित्र आहे. ते उघडच उन्हाळ्यातले आहे. डिसेंबरात तिथे जांभळे काही नसते, समुद्र शिशाच्या रंगाचा असतो आणि वारा अंगावर येतो तो थेट अटलांटिकवरून. एवढ्यावरून फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही, कारण प्रत्यक्षात जे पाहायला मिळाले ते त्या छायाचित्रापेक्षा पुष्कळ मोलाचे होते. पण ते कशामुळे मोलाचे आहे हे जाहिरात लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे, याचे नवल वाटते. या टेकड्यांवर उन्हाळ्यात कमरेइतका नेचा माजतो आणि त्याखाली खाणीच्या पसाऱ्याच्या भिंती, पाण्याचे पाट, खनिज धुण्याची कुंडे, चाकांचे खड्डे हे सगळे झाकले जाते. थंडीत नेचा वाळून तांबूस होतो आणि जमिनीला चिकटून पडतो. मग उतारावरची प्रत्येक सपाट केलेली पायरी, प्रत्येक दगडी कठडा स्पष्ट दिसू लागतो. उन्हाळ्यातल्या माणसाला इथे सुंदर पडीक इमारती दिसतात, तर हिवाळ्यातल्या माणसाला एक मोडलेला कारखाना दिसतो.

आमच्या वाटाड्याला मात्र हे पक्के ठाऊक होते. साठीकडे झुकलेला, स्वतः काही काळ खाणीत काम केलेला हा गृहस्थ फारसा हसरा नव्हता आणि त्याची इंग्रजी बोली पहिली पंधरा मिनिटे आम्हां दोघींना नीट उमगली नाही. परंतु जमीन वाचावी कशी हे त्याच्याइतके साधेपणाने कोणी शिकवलेले मला आठवत नाही. एखाद्या ढिगाऱ्यापाशी थांबून तो आधी काहीच सांगत नसे. ‘इथे काय कमी आहे?’ एवढेच विचारी आणि गटातले कोणी उत्तर देईपर्यंत वाट पाही. कधी उत्तर असे पाणी, कधी लाकूड, कधी वाट. कॉर्नवॉलला दगडी कोळसा नाही, तो समुद्रमार्गे वेल्समधून आणावा लागे, आणि म्हणूनच कमी कोळशात जास्त काम करणारे वाफेचे इंजिन घडवण्याची निकड इथल्या लोकांना इतरांपेक्षा अधिक होती, ही गोष्ट त्याने अशाच एका प्रश्नातून आमच्याकडून काढून घेतली.

आता पहिली तक्रार. अकराला निघायचे ठरले असताना आम्ही निघालो अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, कारण मोटारीने येणारे एक कुटुंब वाटेत अडकले होते आणि त्यांच्यासाठी थांबायचे असा निर्णय संस्थेच्या दुसऱ्या सहायिकेने दूरध्वनीवरून घेतला. उन्हाळ्यात असा उशीर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण डिसेंबरच्या शेवटी या भागात सूर्य चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मावळतो. तिथे चाळीस मिनिटे म्हणजे दिवसाचा जवळपास बारावा हिस्सा, आणि तो नेमका शेवटच्या, सर्वांत महत्त्वाच्या ठिकाणी कापला जातो. वेळेवर आलेल्या चौदा जणांनी चौकात उभे राहून हात चोळले, आणि त्याची खरी किंमत लेव्हंटला मोजावी लागली.

केनिजॅकच्या दरीत आम्ही फार रमलो नाही. ओढ्याच्या काठाने चक्क्यांचे आणि पाणचाकांचे अवशेष आहेत, पाय घसरतो, चिखल घोट्यापर्यंत येतो आणि सोळा माणसांची रांग एकमेकांना सांभाळत चालते, तेव्हा कोणालाच नीट बघता येत नाही. दरी चढून किनाऱ्याच्या वाटेला लागल्यावर व्हील आउल्सची इंजिन-घरे दिसली आणि फेरी खऱ्या अर्थाने सुरू झाली. ‘व्हील’ हा इथल्या जुन्या कॉर्निश भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ कामाची जागा, म्हणजेच खाण. चाकाशी त्याचा काही संबंध नाही.

व्हील आउल्सपाशी वाटाड्याने खिशातून होकायंत्र काढले आणि ते एका सपाट दगडावर ठेवून सर्वांना भोवती बोलावले. १० जानेवारी १८९३ रोजी या खाणीतल्या कामगारांनी खोदताखोदता शेजारच्या व्हील ड्रिया या सोडून दिलेल्या, पाण्याने भरलेल्या खाणीची भिंत फोडली. पाणी आत घुसले आणि एकोणीस माणसे व एक मुलगा बुडून मेले. त्यांचे देह कधीच वर काढता आले नाहीत. कारण अगदी छोटे होते. होकायंत्राची सुई दाखवते ती उत्तर खऱ्या उत्तरेपासून थोडी ढळलेली असते आणि हे ढळणे वर्षागणिक बदलत जाते. जुन्या खाणीचा नकाशा एका काळातल्या सुईवर आखलेला होता, नवे खोदकाम दुसऱ्या काळातल्या सुईवर चालले होते आणि दोहोंतला फरक जमेस धरला गेला नव्हता. कागदावर दोन बोगद्यांमध्ये भरपूर खडक शिल्लक होता. जमिनीखाली तो नव्हता. हे सांगताना वाटाड्याने आवाज चढवला नाही की पाडला नाही. त्याने होकायंत्राच्या काचेवर नखाने एक रेघ दाखवली, ‘एवढाच फरक’ म्हणाला, आणि यंत्र खिशात टाकले. मी आजवर पाहिलेल्या ऐतिहासिक स्थळांवरच्या फेऱ्यांत दुर्घटना सांगण्याचा इतका नेमका प्रकार दुसरा पाहिलेला नाही.

त्यापुढचा बोटॅलॅकचा टप्पा हा या फेरीचा गाभा आहे, आणि अठरा पाउंडांचे सार्थक व्हायचे असेल तर ते इथेच होते. बोटॅलॅकची खाण १८९५ साली बंद पडली. १९०७ ते १९१४ या काळात ती पुन्हा चालवण्याचा एक खटाटोप झाला आणि वरच्या पठारावर जे काँक्रीटचे अवशेष आज उरले आहेत ते बहुतेक त्याच दिवसांचे. बहुसंख्य प्रवासी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, कारण त्यांची नजर खालच्या कड्यावरच्या दोन प्रसिद्ध इंजिन-घरांवर खिळलेली असते. वाटाड्याने मात्र आम्हांला कड्याकडे पाठ करून उभे केले.

समोर जमिनीत गोल, उथळ, मधोमध किंचित उंचवटा असलेली कुंडे होती. कुटलेल्या दगडाची पाण्यातली पातळ लगदी अशा कुंडाच्या मधोमध सोडायची, ती हळूहळू कडेकडे पसरत जाते आणि जाताना जड कण आधी बसतात, हलके दूरवर वाहून जातात. कथलाचे खनिज गारगोटीच्या सुमारे अडीचपट जड असते, त्यामुळे ते मध्याजवळ साचते. तत्त्व तेच, जे आपल्याकडे सोनारपेठेतली माती धुणारा झारेकरी आपल्या थाळीत वापरतो. फरक एवढाच की इथे त्या थाळीचा व्यास काही मीटरांचा आहे आणि थाळी हलवण्याऐवजी वरून ब्रशांचे हात फिरत. ताईने लहानपणी दारात येणारा कल्हईवाला, त्याचा भाता आणि नवसागराचा धूर यांची आठवण काढली. तांब्यापितळेच्या भांड्याच्या पोटात तो कापसाच्या बोळ्याने जे चकचकीत पाणी फिरवत असे, ते हेच कथील. आमचे हे बोलणे मराठीत चालले होते, तरी वाटाड्याने ते काय आहे म्हणून विचारले आणि आम्ही सांगितल्यावर त्याने ते उरलेल्या गटाला सांगितले. अशा फेरीत पाहुण्याला बोलू देणे आणि त्याचे बोलणे कामाला लावणे ही सोपी गोष्ट नाही.

कुंडांच्या मागे सोमलाची, म्हणजे आर्सेनिक या विषाची, भट्टी आणि तिला जोडलेला चक्रव्यूह आहे. कथलाच्या खनिजात सोमल आणि गंधक मिसळलेले असतात. ते काढण्यासाठी खनिज भाजावे लागे. भाजताना निघणारी वाफ धुराड्यातून सरळ हवेत न सोडता एकापुढे एक, नागमोडी वळणे घेत जाणाऱ्या दगडी दालनांतून ओढली जाई. वाफ थंड होत जाई तसतसा पांढरा सोमल भिंतींवर स्फटिकरूपाने जमे. मग भट्टी विझवून, दारे उघडून, माणसे आत शिरत आणि तो खरवडून काढत. नाकपुड्यांत कापूस, उघड्या त्वचेवर ओली माती एवढेच त्यांचे संरक्षण. एकेकाळी टाकाऊ मानला जाणारा हा सोमल पुढे विकाऊ माल झाला: काचेच्या कारखान्यात, रंगांत, आणि अमेरिकेतल्या कापसावरची कीड मारण्यासाठी तो वापरला जाई. चक्रव्यूहाचे छत आता उरलेले नाही. आत उभे राहिल्यावर वळणावळणाच्या भिंती खांद्याच्या उंचीवर दिसतात. एका कोपऱ्यात दगड वरच्यापेक्षा गुळगुळीत वाटला, तो का हे मी विचारले आणि वाटाड्याने उत्तर न देता नुसता खरवडण्याचा अभिनय केला. त्याच्या त्या हालचालीनंतर मी हात मागे घेतला. इथे भिंतींना हात लावू नये, जमिनीवर खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत, ही सूचना त्याने आधी दिलेली होती. ती मला त्या क्षणापर्यंत केवळ औपचारिक वाटली होती.

याच ठिकाणी खाणीच्या वर, उघड्यावर काम करणाऱ्या बायका-मुलींचाही विषय निघाला. ‘बॅल’ म्हणजे खाण, आणि त्या ‘बॅल मेडन्स’. हातोड्याने दगड फोडणे, निवडणे, धुणे ही कामे त्या करत. ऊन, वारा आणि उडणाऱ्या कपच्या यांपासून बचाव म्हणून डोक्याला लांब पदराची पांढरी टोपी बांधत. विषय चांगला होता, पण वाऱ्यामुळे मागच्या सहा-सात जणांना त्यातले काही ऐकू आले नाही. ही दुसरी तक्रार: हिवाळ्यात कड्यावर सोळा माणसांशी उघड्या आवाजात बोलणे व्यर्थ आहे. कानात घालायचे छोटे यंत्र देणाऱ्या संस्था आहेत. ते परवडत नसेल तर गट दहाचा करावा.

कड्यावरची दोन इंजिन-घरे, ज्यांना ‘क्राउन्स’ म्हणतात, ती पाहायला खाली उतरावे लागते. खालचे घर १८३५ सालचे. त्यातले इंजिन खाणीतले पाणी उपसत असे. वरचे त्यानंतर पाव शतकाने आले, कड्यातून समुद्राखाली तिरकी उतरणारी बॉस्कॉवेन नावाची विहीर (पाण्याची नव्हे, खाणीत ये-जा करण्यासाठी खोदलेली) चालवण्यासाठी, म्हणजे माल आणि माणसे ओढण्यासाठी. खाणीचे बोगदे समुद्रतळाखाली काही ठिकाणी अर्ध्या मैलापर्यंत गेलेले आहेत. वादळी दिवसांत लाटांनी तळावरचे धोंडे लोटले की त्यांची गडगड खाली काम करणाऱ्यांना डोक्यावर ऐकू येई, असे त्या काळच्या पाहुण्यांनी लिहून ठेवले आहे. १८६३ साली याच तिरक्या विहिरीत गाडी ओढणारी साखळी तुटून आठ माणसे आणि एक मुलगा ठार झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी इंग्लंडचा युवराज आणि त्याची पत्नी त्याच वाटेने खाली उतरून आले आणि बोटॅलॅक पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली. म्हणजे इथले पर्यटन दीडशे वर्षांहून जुने आहे, आणि गटातले एकही माणूस छायाचित्र काढल्याशिवाय पुढे सरकले नाही, यात नवे काही नव्हते. तरीही तिथे तब्बल पस्तीस मिनिटे गेली, ती मला जास्त वाटली. इंजिन-घराचा एक बारकावा मात्र त्या वेळात टिपता आला: विहिरीकडची भिंत बाकीच्या तिन्हींपेक्षा जाड आहे, कारण इंजिनाची अवजड तुळई त्या भिंतीवर झुलत असे, अर्धी घरात, अर्धी बाहेर विहिरीवर. धुराड्याचा खालचा भाग दगडाचा आणि वरचा विटांचा आहे. हे एकदा कळले की पुढे प्रत्येक धुराड्याकडे डोळा आपोआप जातो. खाणीवरच्या बहुतेक इतर इमारती दगडांसाठी लोकांनी पाडून नेल्या. इंजिन-घरे उरली ती त्यांच्या अशा बांधणीमुळेच.

जेवणाची सुट्टी एका भिंतीच्या आडोशाला झाली. प्रत्येकाला एक गरम पेस्टी, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला इथला पदार्थ, दिली गेली, ती शुल्कात धरलेली होती, आणि शाकाहारी पेस्टी आधी कळवल्यास मिळते. आम्ही कळवले होते आणि ती मिळाली, चांगली होती. इथे मात्र वाटाड्याचा पाय घसरला. पेस्टीची जाड वळवलेली कड ही खाणकामगारांनी सोमलाने माखलेल्या बोटांनी धरण्यासाठी आणि नंतर फेकून देण्यासाठी होती, ही लोकप्रिय कथा त्याने खात्रीच्या इतिहासाप्रमाणे सांगितली. जुन्या छायाचित्रांत कामगार पेस्टी कापडी पिशवीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाताना दिसतात, आणि पोटासाठी जमिनीखाली जाणारा माणूस पिठाचा एवढा भाग रोज फेकून देईल हे पटत नाही. होकायंत्राची गोष्ट इतक्या काटेकोरपणे सांगणाऱ्या माणसाकडून ही गोष्ट ऐकावी लागली, म्हणून ती अधिक खटकली.

बोटॅलॅकहून लेव्हंटकडे जाणारी वाट सपाट आणि रुंद आहे. दुतर्फा वर्तुळाकार दगडी कठडे दिसतात. ते जुन्या विहिरींची तोंडे सुरक्षित करण्यासाठी आहेत. काहींवर शंकूसारखे लोखंडी जाळीचे झाकण बसवलेले असते, ज्यातून माणूस पडत नाही पण वटवाघळे ये-जा करू शकतात. हिवाळ्यात ती आत निजलेली असतात, म्हणून या दिवसांत कोणत्याही जुन्या आडव्या बोगद्यात शिरायचे नाही, असा या फेरीचा नियम आहे आणि तो योग्य आहे. काही जागी जमीन तांबडी-पिवळी, निव्वळ उघडी आहे. तिथे सोमलामुळे हेदरशिवाय काही रुजत नाही. लेव्हंट जवळ आल्यावर कड्याच्या भेगेतून झिरपणाऱ्या पाण्याने खडकावर मोरचुदाच्या रंगाचे ओघळ उमटलेले दिसले. मावळतीच्या उजेडात तो हिरवा-निळा डाग जवळजवळ खोटा वाटत होता. तो तांब्याचा होता.

लेव्हंटला पोहोचलो तेव्हा चार वाजायला पाच मिनिटे होती. इथे १८४० सालचे वाफेचे इंजिन आहे, ते स्थानिक हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे खपून पुन्हा चालू केले आहे, पण आम्ही गेलो त्या दिवशी ते बंद होते आणि ही गोष्ट जाहिरातीत कोठेही लिहिलेली नव्हती. अशा फेरीला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक तरी ते इंजिन चालताना दिसेल या आशेने येत असतील. एक ओळ लिहिली असती तर कोणाची निराशा झाली नसती.

उरलेल्या वीस-पंचवीस मिनिटांत वाटाड्याने ज्या एका गोष्टीसाठी आम्हांला इथवर आणले होते ती सांगायला घेतली, आणि ती त्याला घाईघाईने सांगावी लागली. १८५७ साली लेव्हंटमध्ये माणसांना वर-खाली नेणारे यंत्र बसवले गेले. विहिरीत खोलवर सोडलेला लाकडाचा एक अखंड दांडा, त्यावर बारा-बारा फुटांवर पावलापुरत्या फळ्या, आणि विहिरीच्या बाजूला तितक्याच अंतरावर स्थिर फळ्या. इंजिन दांड्याला बारा फूट वर उचलते, पुन्हा बारा फूट खाली सोडते. कामगार दांड्यावरच्या फळीवर उभा राहतो, वर गेला की बाजूच्या फळीवर पाऊल टाकतो, दांडा खाली येतो, मग तो पुढच्या फळीवर चढतो. तोंडी ऐकून कोणाच्याही डोक्यात हे शिरेना. तेव्हा त्याने आमच्यातल्या दोघांच्या चालण्याच्या काठ्या मागून घेतल्या, एक स्थिर धरली, दुसरी वर-खाली हलवू लागला आणि ताईच्या स्वेटरवरची एक कपड्याची चिमटी घेऊन ती या काठीवरून त्या काठीवर, एकेक टप्पा, वर चढवत नेली. चिमटी तीनदा चढली आणि सर्वांना एकदम कळले. ज्या शिडीने वर यायला थकल्या माणसाला तासाहून अधिक लागे, त्या जागी हे यंत्र होते. त्यामुळे ते कामगारांना किती मोलाचे वाटले असेल हे वेगळे सांगावे लागत नाही.

२० ऑक्टोबर १९१९ रोजी दुपारी पाळी सुटून माणसे या दांड्यावरून वर येत असताना, दांडा वर इंजिनाच्या तुळईशी ज्या लोखंडी जोडणीने बांधलेला होता ती तुटली. एकतीस माणसे मेली. यंत्र पुन्हा बसवले गेले नाही, सर्वांत खोल मजले सोडून दिले गेले आणि खाण १९३० साली बंद पडली. वाटाड्याने काठ्या परत केल्या, चिमटीही परत केली. ज्या विहिरीत हे घडले तिच्याकडे जाणारा कामगारांचा चक्री जिना आणि बोगदा तिथून हाकेच्या अंतरावर होता. तो उघडा असेल तर दाखवायचा बेत होता, पण आता अंधार पडत होता आणि तो राहून गेला. सकाळचे ते चाळीस मिनिट या एका जागी जमा झाले. मी इथे जितकी चिडले तितकी संपूर्ण दिवसात चिडले नाही.

गीव्होरपर्यंतचा शेवटचा तुकडा टॉर्चच्या उजेडात पार पडला. सोळांपैकी सहा जणांकडेच टॉर्च होते, कारण सोबत आणायच्या वस्तूंच्या यादीत टॉर्चचा उल्लेख नव्हता. फोनचे दिवे वाऱ्यात हात गारठवत धरावे लागले. गीव्होर ही या पट्ट्यातली अखेरपर्यंत चाललेली खाण. १९८५ साली जागतिक बाजारात कथलाचे भाव कोसळले त्या धक्क्यातून ती सावरली नाही, १९९० मध्ये बंद झाली आणि १९९३ पासून तिचे संग्रहालय झाले आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा ते बंद झाले होते. कामगारांचे कपडे वाळवण्याचे दालन तिथे जसेच्या तसे ठेवले आहे, असे सांगतात. ते दुसऱ्या दिवशी वेगळे तिकीट काढून आम्ही पाहिले, आणि ते पाहिल्यावर या फेरीची सुरुवात गीव्होरपासून आणि शेवट सेंट जस्टला केला असता तर किती बरे झाले असते असे वाटले. सेंट जस्टला उजेड गेल्यावरही दुकाने असतात, चहा असतो, बस असते. इथे बसच्या थांब्यावर आम्ही पंचवीस मिनिटे कुडकुडत उभे होतो.

२००६ साली युनेस्कोने कॉर्नवॉल आणि वेस्ट डेव्हनमधली दहा ठिकाणे मिळून एक जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यात हा सेंट जस्टचा पट्टा आहे. इथल्या खाणी मंदावल्या तसतसे इथले लोक ऑस्ट्रेलिया, अमेरिका, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी गेले. ते कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींतही होते. त्यामुळे भारतातून आलेल्या माणसाला ही फेरी परकी वाटण्याचे कारण नाही, असे बसच्या थांब्यावर वाटाड्यानेच आम्हांला सांगितले, आणि कोलारची खाण २००१ साली बंद झाली हे त्याला माझ्याआधी ठाऊक होते.

कोणी जावे याविषयी थोडे. ताई बासष्ट वर्षांची आहे, एका गुडघ्याचा त्रास आहे. क्राउन्सकडे उतरणारी वाट तिने अर्ध्यावर सोडली आणि वरूनच पाहिले, बाकी सर्व चालली. घोट्यापर्यंतचे, जलरोधक बूट हवेतच. साध्या बुटांत आलेल्या दोघांचे पाय पहिल्या तासात भिजले. पावसाच्या कोटाखाली वारा न शिरणारा एक थर असावा, छत्री आणू नये. सेंट जस्टनंतर गीव्होरपर्यंत आमच्या गटाला वापरता येईल असे स्वच्छतागृह एकच होते, आणि ते बोटॅलॅकला. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना आणू नये. दुर्घटनांच्या कथांमुळे नव्हे, तर कडे उघडे आहेत आणि वारा मुलाला ढकलू शकतो म्हणून. वाटाड्याला पाचांपैकी साडेचार गुण, संस्थेच्या व्यवस्थेला अडीच.

मी संस्थेला हे सारे लेखी कळवले. तीन दिवसांनी उत्तर आले: जानेवारीपासून फेरी अकराऐवजी दहाला निघेल, उशिरा येणाऱ्यासाठी दहा मिनिटांहून अधिक थांबले जाणार नाही, यादीत टॉर्चची भर पडली आहे, आणि लेव्हंटचे इंजिन बंद असलेल्या दिवशी ते जाहिरातीत लिहिले जाईल. शुल्क परत करण्याविषयी त्यात काही नव्हते, आम्हीही मागितले नव्हते. त्या दहाच्या फेरीला कोणी गेले, तर लेव्हंटचा चक्री जिना उजेडात दिसला का, एवढे मला कळवावे.